केलेले शहर आणि पाहिलेले शहर

प्रवासाच्या संदर्भात अलीकडे मराठीत 'करणे' हे क्रियापद फार बोकाळले आहे. 'गेल्या वर्षी युरोप केला', 'यंदा केरळ केले', 'मेलबर्नला लेकीकडे जाताजाता सिंगापूर करून टाकले' अशी वाक्ये आता लग्नाच्या पंगतीपासून बँकेच्या रांगेपर्यंत कोठेही ऐकू येतात. यांतले 'करून टाकले' विशेष लक्ष देण्याजोगे आहे. मराठीत 'टाकणे' हे सहायक क्रियापद जेथे येते तेथे कामाचा उरक आणि कामातून सुटका असे दोन्ही भाव घेऊन येते : पत्र लिहून टाकले, वीजबिल भरून टाकले, धुणे धुऊन टाकले. या यादीत एक सबंध शहर जाऊन बसते आणि त्यात बोलणाऱ्याला वावगे वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. पूर्वी लोक काशी करीत असत हे खरे. पण आपल्या भाषेने 'काशी होणे' याचा दुसराही अर्थ जपून ठेवला आहे, आणि सिंगापूर करून टाकणाऱ्यांच्या हातून बहुधा त्या दुसऱ्या अर्थानेच सिंगापूरची काशी होते, असे आमचे मत आहे.

विषय आहे दोन विमानांमधल्या लांबलचक थांब्याचा, ज्याला आता सर्वजण लेओव्हर म्हणतात. सहा, आठ किंवा दहा तास विमानतळावर नुसते बसून काढण्यापेक्षा बाहेर पडून शहर पाहून यावे, या कल्पनेत मुळात वाईट काहीच नाही. परंतु या कल्पनेभोवती सल्ल्यांचे एक वाङ्मय जमा झाले आहे आणि त्याचा सूर एकच आहे : कमीत कमी वेळात जास्तीत जास्त स्थळे. अमुक वाजता येथे, तमुक वाजता तेथे, वीस मिनिटे छायाचित्रांना, पंधरा मिनिटे खाण्याला. हा झाला पहिला पक्ष. दुसरा पक्ष स्वतःला खरा प्रवासी समजणाऱ्यांचा. त्यांच्या मते सहा तासांत शहर पाहणे ही शुद्ध थट्टा आहे. महिनाभर राहावे, स्थानिक भाषा शिकावी, बाजारात घासाघीस करावी, तेव्हा कोठे शहर कळते. ज्याला हे जमत नाही त्याने विमानतळावरच्या खुर्चीत निमूट पेंगावे.

आम्हांला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत, आणि दोघांचे भांडण दिसते तितके खरे नाही असेही आम्हांला वाटते. दोघांचे गृहीतक एकच आहे. शहर म्हणजे एक ठरावीक राशी आणि पाहणे म्हणजे त्या राशीचा किती हिस्सा पदरात पडला त्याचा हिशोब, असे दोघेही मानतात. एक म्हणतो, नीट आखणी केली तर सहा तासांत सत्तर टक्के उरकते. दुसरा म्हणतो, छे, दोन टक्केसुद्धा नाही. टक्केवारी हेच पाहण्याचे माप आहे का, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार पूर्वी, आणि फार साध्या माणसांनी, देऊन ठेवले आहे. आषाढीला पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकायचे तर रांगेत तासन् तास उभे राहावे लागते. ज्याला ते शक्य नाही तो मुखदर्शन घेतो, म्हणजे दुरून मूर्ती पाहतो. ज्याला तेही शक्य नाही तो नामदेवाच्या पायरीशी येतो, कळसाकडे पाहून हात जोडतो आणि गावाकडे वळतो. या शेवटच्या प्रकाराला कळसदर्शन असे स्वतंत्र नाव आहे, आणि वारकऱ्यांच्या लेखी ते हिणकस नाही. मात्र त्यात एक अट गृहीत धरलेली आहे. कळस पाहिलेला माणूस गावी जाऊन 'कळस पाहिला' असेच सांगतो, 'पंढरपूर करून टाकले' असे म्हणत नाही. थोडे पाहणे आणि ते थोडे आहे याची जाणीव ठेवून पाहणे, यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो थोड्याला सगळे म्हणण्यात.

हे सारे प्रत्यक्ष कसे घडते ते पाहण्यासाठी आम्ही सिंगापूरचेच उदाहरण घेतो. कारण ऑस्ट्रेलियाला, न्यूझीलंडला किंवा अतिपूर्वेला जाणाऱ्या मराठी माणसाच्या वाटेवर ते हटकून येते, आणि लेओव्हरचे स्थलदर्शन ज्याला म्हणतात त्याची पक्की व्यवस्था लावणाऱ्यांत ते अग्रणी आहे. चांगी विमानतळावरून थांबलेल्या प्रवाशांसाठी मोफत नगरफेरी सुरू झाली ती १९८७ साली. साथीच्या काळात ती बंद होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. साडेपाच तासांहून अधिक थांबा असलेल्या प्रवाशाला बसमध्ये बसवून सुमारे अडीच तासांत फिरवून परत आणतात. व्यवस्था चोख असते, पैसे पडत नाहीत, विमान चुकत नाही. त्या फेरीविरुद्ध आमची तक्रार नाही. जिला वृद्ध सासूसासऱ्यांना आणि दोन लेकरांना सांभाळून पुढे जायचे आहे, तिने त्या बसमध्ये बसावे, खिडकीतून पाहावे आणि मन प्रसन्न करून परतावे; ते कळसदर्शनच झाले. आमची तक्रार आहे ती एकट्यादुकट्या, धडधाकट, शिकल्यासवरल्या प्रवाशाबद्दल, जो स्वतः बाहेर पडतो आणि तरीही त्या बसचीच यादी डोक्यात घेऊन पळत सुटतो.

प्रथम वेळेचा हिशोब करू. थांबा सहा तासांचा म्हणजे ३६० मिनिटांचा. विमानातून उतरून पारपत्राची तपासणी उरकून बाहेर यायला पाऊण तास धरावा. आगगाडीने शहराच्या मध्यात यायला साधारण चाळीस मिनिटे, परतायला तेवढीच. पुढच्या विमानाच्या दोन तास आधी हजर असावे हे शहाणपण. उरले ११५ मिनिटे, म्हणजे दोन तासांनाही पाच मिनिटे कमी. या वेळात मर्लायन, मरीना बे, गार्डन्स बाय द बे, चायनाटाऊन, लिटल इंडिया आणि ऑर्चर्ड रोड अशी सहा स्थळे बसवणारा माणूस प्रत्येक स्थळी जेमतेम पोहोचतो, आणि पोहोचताच घड्याळ पाहतो. त्याचे दोन तास शहरात जात नाहीत, ते दोन स्थळांच्या मधल्या वाटेवर जातात.

आणि त्या यादीत पहिले नाव कोणाचे असते? मर्लायनचे. सिंहाचे डोके, माशाचे शेपूट आणि तोंडातून पाण्याची धार असलेला हा ८.६ मीटर उंचीचा प्राणी सिंगापूरच्या कोणत्याही पुराणात नाही. तो १९६४ साली तिथल्या पर्यटन मंडळाचे बोधचिन्ह म्हणून कागदावर जन्मला. त्याचा पुतळा १९७२ साली नदीच्या मुखाशी उभा राहिला. पुढे १९९७ साली बांधून झालेला पूल दृष्टीच्या आड येऊ लागला म्हणून २००२ साली त्याला उचलून आजच्या जागी बसवण्यात आले. थोडक्यात, हे पर्यटकांसाठीच घडवलेले, पर्यटकांना नीट दिसावे म्हणून हलवलेले दैवत आहे. खुद्द सिंगापूरच्या कवींनी या प्राण्यावरून आपसांत बराच वाद घातला आहे : एडविन थंबू यांनी १९७९ मध्ये त्याच्यावर गंभीर कविता लिहिली आणि नंतरच्या कवींनी तिला उत्तरे दिली. तो वाद ठाऊक असलेला माणूस मर्लायनपुढे उभा राहिला तर त्याला पुष्कळ काही दिसेल. यादीवाल्याला दिसते ती पाण्याची धार, आणि ती आपल्या पसरलेल्या ओंजळीत पडते आहे असे भासवणारे छायाचित्र.

आता तेच ११५ मिनिटे दुसऱ्या रीतीने खर्च करून पाहू. यादी फाडून टाकावी आणि चांगीहून आगगाडीने सिटी हॉल या एकाच स्थानकावर यावे. भुयारातून वर आले की हिरवळीवर एक पांढरेशुभ्र चर्च उभे दिसते, ते सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल. आजची वास्तू १८६२ साली ईश्वरार्पण झाली. ती उभारली हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी. काळे पाणी म्हटले की मराठी माणसापुढे अंदमान उभे राहते. परंतु अंदमानची वसाहत पक्की होण्यापूर्वी पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर हीच काळ्या पाण्याची ठिकाणे होती. सिंगापुरात हिंदुस्थानी कैदी आले १८२५ पासून, आणि ही व्यवस्था गुंडाळली गेली ती १८७३ मध्ये. बंगाल आणि मद्रास इलाख्यांतून ते आले, तसेच मुंबई इलाख्यातूनही आले. त्यांनी रस्ते बांधले, दलदली भरून काढल्या, आज राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेला प्रासाद बांधला आणि हे चर्चही बांधले. याच्या भिंतींना दिलेला गिलावा 'मद्रास चुनम' म्हणून ओळखला जातो : शिंपल्यांचा चुना, अंड्यांचे पांढरे आणि जाडी साखर यांचे मिश्रण, नारळाची सोडणे भिजवलेल्या पाण्यात कालवलेले. ज्यांना हे चर्च आपले नव्हते आणि ज्या देवाशी त्यांचा संबंध नव्हता, त्यांनी त्याच्या भिंती घोटून घोटून गुळगुळीत केल्या. त्या भिंतीपाशी दहा मिनिटे उभे राहायला तिकीट लागत नाही. त्या हातांत एखादा हात रत्नागिरीकडचा किंवा खानदेशातला असू शकेल, एवढा विचार मनात आला तरी 'परदेश' या शब्दाचा अर्थ थोडा हलतो.

चर्चसमोरचा रस्ता ओलांडला की पाडांगचे मैदान लागते. याच मैदानावर ५ जुलै १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची मानवंदना स्वीकारली आणि 'चलो दिल्ली'ची घोषणा दिली. मैदानापलीकडे एस्प्लनेड उद्यान आहे. तेथे आझाद हिंद सेनेच्या अनाम सैनिकाचे स्मारक उभे होते. त्याची कोनशिला ८ जुलै १९४५ रोजी बोस यांच्या हस्ते बसली आणि ब्रिटिश परतताच, दोनेक महिन्यांत, माउंटबॅटन यांच्या आदेशाने ते उद्ध्वस्त करण्यात आले. इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी हे तीन शब्द त्यावर कोरलेले होते. आज तेथे १९९५ साली बसवलेला एक छोटा स्मृतिफलक आहे, एवढेच. मर्लायन तेथून पूल ओलांडून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. छायाचित्र काढून परत फिरणाऱ्यांच्या गर्दीत रोज किती मराठी माणसे असतील! त्यांपैकी बहुतेकांना त्या फलकाची वार्ताही नसते. ज्यांना असते त्यांना तो यादीत बसत नाही.

परंतु येथवर येऊन थांबणे, हात जोडणे आणि अभिमानाने छाती भरून परतणे, हेही आम्हांला पुरेसे वाटत नाही. तसे केले तर मर्लायनच्या जागी फलक आला, एवढाच फरक झाला. यादी तशीच राहिली. म्हणून फलकापासून उलट दिशेने, मैदानाच्या दुसऱ्या टोकापलीकडे, पाच-दहा मिनिटे आणखी चालावे. तेथे एका उद्यानात साठ मीटरांहून उंच असे चार पांढरे खांब एकमेकांशेजारी आकाशात गेलेले दिसतात. हे १९६७ साली उभारलेले नागरी युद्धस्मारक. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि पुढच्या काही आठवड्यांत जपानी सैन्याने शहरातल्या चिनी पुरुषांना वेचून वेचून समुद्रकाठी नेले आणि गोळ्या घातल्या. किती मारले याविषयी एकमत नाही. अंदाज काही हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातात. दोन दशकांनी जमिनीतून हाडे निघू लागली तेव्हा ती अस्थिकलशांत भरून या खांबांच्या तळाशी पुरण्यात आली.

आपल्या शालेय इतिहासात नेताजींच्या सिंगापुराला मानाचे पान आहे. या खांबांना नाही. ज्या जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सेना उभी राहिली तो जपान या शहराच्या चिनी घरांत कोणत्या नावाने आठवला जातो, हे दोन स्मारकांमधले अंतर चालल्याखेरीज पायांना कळत नाही. आणि गुंता येथेच संपत नाही. त्या चार खांबांपैकी एक चिन्यांचा, एक मलायांचा, एक युरेशियनांचा आणि एक भारतीयांचा आहे. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मुली ज्या तुकडीत दाखल झाल्या तिला झाशीच्या राणीचे नाव होते, म्हणजे एका मराठी कुळातल्या मुलीचे. आणि त्याच मळ्यांवरचे तमिळ मजूर जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेले, ते तेथे हजारोंनी मेले. सेनेत जाण्यास नकार देणाऱ्या हिंदी युद्धकैद्यांपैकी पुष्कळ जण दूरच्या बेटांवर मजुरीला धाडले गेले आणि परतले नाहीत. कोणी बरोबर होते आणि कोणी चूक, हे ठरवायला ११५ मिनिटे पुरत नाहीत. कदाचित आयुष्यही पुरणार नाही. परंतु हा प्रश्न आपल्याला आजवर पडलाच नव्हता, हे कळायला तेवढी मिनिटे पुरतात. महिनाभर राहूनही ते कळेलच असे नाही, हे 'खऱ्या प्रवाशां'नीही लक्षात घ्यावे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की प्रवासी थकलेला असतो, त्याला इतिहासाचा तास नको असतो, चार घटका करमणूक हवी असते. मान्य. थकलेल्याने विमानतळावर पाय पसरून झोपावे. झोपेत अप्रामाणिक काही नाही. पण जो मर्लायन ते ऑर्चर्ड रोड अशी सहा स्थळे पळत पळत घेतो त्याने थकव्याची सबब सांगू नये. चर्चपासून खांबांपर्यंतची सगळी चाल त्याच्या पळापळीपुढे काहीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो कोणी घेत नाही म्हणून आम्हीच घेतो. हे ११५ मिनिटे मिळतात कोणाला? भारतीय पारपत्र असलेल्याला सिंगापूरच्या हद्दीत पाऊल टाकायला व्हिसा लागतो. वाटेवर थांबणाऱ्यांसाठी ९६ तासांची सवलत आहे. पण तीसाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान अशा मोजक्या देशांपैकी एखाद्याचा वैध व्हिसा आधीच हाती असावा लागतो. म्हणजे सिंगापुरात दोन तास चालण्यासाठी आपण भले गृहस्थ आहोत असा दाखला आधी एखाद्या श्रीमंत देशाकडून आणायचा. मेलबर्नला लेकीकडे निघालेल्यांकडे तो असतो. त्याच विमानाने येऊन पुढे बालीला किंवा व्हिएतनामला जाणाऱ्याने स्वतंत्र व्हिसा काढलेला नसेल तर तो आतच अडकतो. २०१९ साली उघडलेल्या ज्युएल या इमारतीतला चाळीस मीटरांचा प्रसिद्ध धबधबासुद्धा तपासणीच्या पलीकडे आहे. तो त्याला दिसतो टर्मिनलांमधून जाणाऱ्या छोट्या गाडीच्या काचेतून, काही क्षण. लेओव्हरचे सल्ले देणारे 'फक्त बाहेर पडा' असे एका वाक्यात लिहितात, तेव्हा ते कोणत्या पारपत्राच्या भरवशावर लिहितात हे पाहावे. विमानतळाच्या दारात जग अजून सर्वांना सारखे नाही.

पण या आक्षेपाने आमचे म्हणणे खोडले जात नाही, उलट अधिकच ठाम होते. ज्याला बाहेर पडण्याची मुभा मिळाली, ती त्याच्या गुणांनी मिळालेली नाही. त्याच खुर्च्यांवर बसलेल्या कित्येकांना ती नाही. ज्या मातीत दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी आपली माणसे बेड्या घालून आणली गेली, त्या मातीवर आपण आज शिक्का मारून घेऊन सहा तासांसाठी मोकळे फिरतो. एवढी मोठी गोष्ट पाण्याच्या धारेखाली ओंजळ धरण्यात दवडणे हा उधळेपणा आहे.

म्हणून आमचा सल्ला अगदी थोडक्यात. लांब थांबा असेल आणि परवानगी असेल तर अवश्य बाहेर पडावे. शहर कोणतेही असो, जागा एकच निवडावी, फार तर एका चालीत येतील अशा दोन-तीन. निवडताना आपल्याला जे आधीच ठाऊक आणि प्रिय आहे ते घ्यावे, आणि त्याच्या शेजारी, पायी जाता येईल इतक्या जवळ, त्याला विरोध करणारे काय उभे आहे ते शोधावे. दोन्ही पाहावीत. मग वेळेत परतावे, विमान चुकवू नये.

आणि घरी आल्यावर कोणी विचारले, 'सिंगापूर केले का?', तर नाही म्हणावे. एक भिंत पाहिली, एक फलक पाहिला आणि चार खांब पाहिले, असे सांगावे. पुढे विचारणाऱ्याला वेळ असेल, तर चौथा खांब कोणाचा, तेही सांगावे.